गर्भवतीचे वजन, हातातला फोन आणि भाषेची सीमा

तेलंगणातील मुधोळ हे कर्नाटकातील त्याच नावाच्या शहराहून वेगळे गाव. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेला हा भाग राज्यपुनर्रचनेत आदिलाबादला जोडला गेला आणि २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. बासर-भैंसा परिसरातील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. कारभाराची भाषा मात्र तेलुगू. गर्भवतींच्या पोषणासाठी मोबाइलचा वापर वाढत असताना या सीमाभागाचा विचार उद्बोधक ठरतो.

गर्भारपणात किती वजन वाढावे, याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार मुळात कृश असलेल्या स्त्रीने १२.५ ते १८ किलो, तर स्थूल स्त्रीने केवळ ५ ते ९ किलो वाढणे हितावह. भारतात सर्वसाधारणपणे १० ते १२ किलोंची वाढ पुरेशी मानली जाते. वाढ अपुरी राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. ती प्रमाणाबाहेर गेली तर प्रसूती अवघड होऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के अतिवजनाच्या आहेत. अशा वेळी ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हा सरसकट सल्ला निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते उत्तरार्धात रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक मिळाल्या, तरी पुरेसे आहे.

तेलंगणात २०१५ पासून ‘आरोग्य लक्ष्मी’ योजनेतून अंगणवाडीत गर्भवतींना पूर्ण जेवण, अंडे आणि दूध मिळते. उणीव आहे ती व्यक्तिगत मार्गदर्शनाची. २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’चा मुख्य भर नोंदणी आणि वाटपाच्या हिशेबावर आहे, १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहऱ्याची पडताळणीही बंधनकारक झाली. माहिती गावातून वर जाते. मातेपर्यंत त्या मानाने थोडीच परत येते.

‘किलकारी’ हा केंद्राचा उपक्रम उलट दिशेने चालतो. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत ७२ ध्वनिसंदेश फोनवर ऐकवले जातात, त्यामुळे अक्षरओळखीची अट राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो महाराष्ट्रात सुरू झाला. परंतु हे संदेश गर्भाच्या वयानुसार ठरतात, मातेच्या वजनानुसार नव्हे. प्रत्येक तपासणीतील वजनाची नोंद आणि मातेच्या भाषेतील संदेश यांची सांगड घातली, तरच फोन खरा उपयोगी पडेल. भाषा राज्याच्या नकाशावरून न ठरवता नोंदणीच्या वेळी मातेलाच विचारावी, एवढे पाऊल मुधोळसारख्या गावांसाठी मोलाचे आहे.

तरीही फोन हे साधनच. त्याच पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल केवळ ५४ टक्के स्त्रियांकडे होता. नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर आलेला संदेश गर्भवतीच्या ताटापर्यंत पोहोचवायला आशा कार्यकर्तीच लागते.

गोव्यात हेच चित्र उलटे दिसते. येथे मराठी-कोंकणी बहुसंख्यांच्या, तर अनेक श्रमिक कुटुंबांच्या घरी कन्नड वा हिंदी. मुधोळच्या मराठी मातेसाठी जे न्याय्य वाटते, तेच वास्को वा म्हापशाच्या कन्नड मातेलाही मिळायला हवे.