सिम्युलेशन म्हणे!

"आता सगळं सिम्युलेशनमध्येच होतं, ट्रॅकवर पेट्रोल कशाला जाळायचं?" असं कुणी म्हणालं की डोकंच फिरतं. अहो, मीही दिवसभर कोडच लिहितो! पण मोटोजीपीची बाईक ६० अंश झुकली की सस्पेन्शन धक्के नीट झेलत नाही, ते काम फ्रेमच्या आडव्या लवचिकतेवर येतं. ती किती हवी? आकडा कॉम्प्युटर देईल हो, पण बाईकवर विश्वास बसतो का, हे रायडरच सांगणार. डुकाटीने २००९ मध्ये कार्बन फायबर आणलं. त्यावर स्टोनर जिंकला, २०११ मध्ये रॉसीला एकही शर्यत जिंकता आली नाही. २०१२ ला आलं ॲल्युमिनियम! केटीएमने २०१९ साठी पेड्रोसालाच टेस्ट रायडर नेमलं. २०२० मध्ये ब्रनोला पहिला विजय. त्याच्या पगारात सर्व्हर किती आले असते म्हणा.