गुत्तेदाराची उचल आणि आपला कागद

व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांत शिल्लक पैसा मुदत ठेवीत जात नाही. तो सोन्यात जातो, प्लॉटात जातो, आणि बऱ्याचदा जुन्या घराच्या दोन खोल्या दुरुस्त करून भाड्याने देण्यात जातो. निवृत्तीची रक्कम असो, आखाती देशातून मुलाने पाठवलेली बचत असो की अम्मीने बांगड्या मोडून उभे केलेले पैसे असोत, शेवटी ते एका माणसाच्या हातात पडतात. आमच्या दिंद्रुडकडे त्याला गुत्तेदार म्हणतात. सोनाराकडून आपण पावती घेतल्याशिवाय उठत नाही. गुत्तेदाराला मात्र अंगणात खाटेवर बसून, चहा पीत, तोंडी बोलीवर लाखाची रक्कम देतो.

सुरुवात होते उचलीने. हा शब्द बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीची जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर ती फेडत राहते. तिथे उचल घेणारा बांधला जातो. बांधकामात उलटे होते. इथे उचल देणारा बांधला जातो. गुत्तेदार तुमच्या पैशातून मागच्या कामावरची मजुरी भागवतो आणि तुमच्या कामासाठी पुढच्या गिऱ्हाइकाची उचल शोधतो. तो लबाडच असतो असे नाही. त्याच्याजवळ स्वतःचे भांडवल नसते, इतकेच. त्यात दिवाळीच्या सुमारास मजूर कारखान्यांकडे निघून जातात. उन्हाळ्यात ते परततात तेव्हा आपल्याकडे पाणी नसते, आणि सिमेंटला तर पाणी हवे. काम कधी काढायचे हे ठरवताना या दोन्ही गोष्टी आधी बघाव्यात.

आमच्या ओळखीच्या एका विधवा आपांनी असाच व्यवहार केला. दोन खोल्या आणि न्हाणी ‘नवी करून द्यायची’, एवढीच बोली. अर्ध्याहून जास्त रक्कम गिलाव्याच्या आधीच गेली. मग वाद उभा राहिला: नवी म्हणजे चौकटीसुद्धा का? नळाचे पाइप? नाली? मोहल्ल्यातले जाणते लोक बसले. दोघांनीही अल्लाहला साक्षी ठेवून सांगितले आणि आम्हाला वाटते, दोघेही खरेच बोलत होते. प्रत्येकाच्या मनातली ‘नवी न्हाणी’ वेगळी होती. खोल्यांना वर्षभर कुलूप राहिले आणि त्या भाड्यावर ठरलेली मुलीची फी दुसरीकडून भरावी लागली.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे: सूरह अल-बकरा, आयत २८२. मुदतीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या सौद्याला तिथे सूट आहे. पण तीन महिने चालणारे बांधकाम हातोहात होत नाही. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो की, आपला माणूस आपलाच राहावा म्हणून कागद करायचा.

कागदावर रकमेच्या आधी माप यावे. गिलावा किती चौरस फूट, आणि त्यात दारे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही? सर्वांत जास्त भांडणे याच एका ओळीवरून होतात. काम फक्त मजुरीवर आहे की मालासकट? मालासकट असेल तर सिमेंट कोणते, वीट मातीची की परळीच्या राखेची, वाळू नदीची की क्रशरची? वाळूच्या ट्रॉलीला टेप लावा. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि १०० ने भागा. आला तो आकडा ब्रास. सातवीतले पोरही हे गणित करते, त्यालाच उभे करा. चालू कामात ‘एवढेही करून टाका’ असे घरातले प्रत्येक जण सांगतो. ते वाढीव काम त्याच दिवशी भावासह वहीत चढवावे, नाहीतर शेवटच्या हिशेबात तेच अंगावर येते.

हप्ते तारखेवर ठेवू नयेत, कामावर ठेवावेत. हे आपल्या शेजारच्या लातूर-धाराशिवने मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती व माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण हजाराहून अधिक गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती. तिथे पैसे घरमालकालाच दिले गेले, तेही टप्प्याटप्प्याने. गवंडी त्याने स्वतः लावायचा, अभियंत्याने काम पाहायचे. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या होत्या आणि भिंत कशी बांधायची हे त्या इतर बायकांना समजावून सांगत. घरावर दिवसभर नजर असते ती बाईची. तेव्हा कामाची वही आपल्याकडेही घरातल्या बाईच्याच हाती असावी, असे आमचे ठाम मत आहे. आणि खोलीवर अजून माळवद असेल तर फरशी-रंगावर खर्च करण्याआधी वरचे मातीचे ओझे उतरवावे. भाडेकरूच्या लेकरांच्या डोक्यावर ते ठेवून भाडे कसे घ्यायचे?

न्हाणीला फरशी बसवण्याआधी तळाला पाणी अडवून २४ तास ठेवावे. ओल दिसली नाही तरच पुढचा हप्ता द्यावा. नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारणे कोणाचे काम, हेही लिहावे. नाहीतर ते कोणाचेच राहत नाही.

शेवटच्या हप्त्याबाबत मात्र आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. दहा टक्के रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवायची असे आधीच ठरले असेल तर ते रास्त आहे. पण काम पूर्ण झाल्यावर खुसपटे काढून पैसे अडवणे हा जुलूम आहे. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्यांच्या विरोधात उभा राहील, त्यांत पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाराही आहे, असे बुखारीत आले आहे. गुत्तेदाराशी भांडण असले तरी विटा वाहणाऱ्या बाईचा त्यात काय दोष? म्हणून दर आठवड्याला मजुरांना पैसे पोचले की नाही हे आपण त्यांनाच विचारावे. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायला त्यांना वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो गुत्तेदाराने अडवायचा नाही, ही ओळही त्याच कागदावर घालावी.