वेस उघडी ठेवणारे शहर

आज २० ऑक्टोबर. १९४४ साली याच दिवशी युगोस्लाव्ह पार्टिझन आणि सोव्हिएत लाल सेना यांनी मिळून बेलग्रेड जर्मनांच्या ताब्यातून सोडवले. अशा दिवशी लढायांची उजळणी होतेच. आम्हाला मात्र या शहराच्या ध्वजाविषयी लिहावेसे वाटते, कारण बेलग्रेडने इतके सोसून स्वतःबद्दल जगाला काय सांगायचे ठरवले, ते त्या कापडावर स्वच्छ दिसते.

ध्वज चौकोनी आहे. नगरचिन्हाच्या ढालीवर जे चित्र आहे, तेच त्यावर. निळ्या आकाशाखाली तांबडी भूमी, तिच्यावर पांढरा तट आणि बुरूज. पायाशी सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या लाटा, त्यांत पांढरी रोमन नौका. सिंगिडुनम हे इथले रोमन ठाणे होते आणि समोरच्या काठावर, आजच्या झेमूनमध्ये, रोमनांच्या नदी-आरमाराचा तळ होता. त्यामुळे ही नौका केवळ शोभेची नाही. तांबडी माती सांडलेल्या रक्ताची. आणि तटाची वेस सताड उघडी.

या उघड्या वेशीपाशी थांबायला हवे. १५२१ मध्ये सुलतान सुलेमानने हे शहर जिंकले. पुढे ऑस्ट्रियन आणि तुर्क यांनी ते एकमेकांकडून पुन्हा पुन्हा हिसकावले. किल्ल्याच्या किल्ल्या सर्बियाच्या प्रिन्स मिहाइलोच्या हाती आल्या त्या १८६७ मध्ये. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या अगदी सुरुवातीलाच या शहरावर तोफा डागल्या गेल्या. एवढा भोगवटा पाठीशी असताना १९३१ मध्ये नगरपालिकेने चिन्हासाठी स्पर्धा घेतली. बंद दरवाजा आणि वर उगारलेली तलवार, असे चित्र कोणीही समजून घेतले असते. निवडले गेले ते व्यापाऱ्याला आणि वाटसरूला आत घेणारे शहर. त्यानंतर दहाच वर्षांनी, ६ एप्रिल १९४१ रोजी, जर्मन बाँबफेकीत राष्ट्रीय ग्रंथालय जुन्या हस्तलिखितांसह जळून गेले. तरी चिन्हावरची वेस कोणी लावून घेतली नाही.

स्पर्धा जिंकली जॉर्जे आंद्रेयेविच-कून या तरुण चित्रकाराने. कुलचिन्हांच्या विद्येतला जुना नियम त्याने नेमका वापरला. पांढरा म्हणजे चांदी, आणि चांदी निळ्या-तांबड्यावर ठेवली की आकृती लांबूनही ठसठशीत उठून दिसते. हाच कून पुढे बोरच्या खाणकामगारांची लाकूडठसा-चित्रे काढतो, स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला जातो, आणि १९४३ मध्ये शिल्पकार आउगुस्तिंचिचसोबत नव्या युगोस्लाव्हियाचे राजचिन्ह घडवतो. त्यात एकत्र पेटलेल्या मशाली होत्या. ते राष्ट्र फुटले आणि त्या मशाली इतिहासजमा झाल्या. राजेशाहीच्या काळात त्याच हाताने काढलेली ढाल मात्र शहर आजही मिरवते. आमच्या मते याचे कारण ढालीतच आहे. तिच्यावर ना राजा आहे, ना पक्ष. नदी, माती आणि भिंत आहे.

शहराचे एक मोठे चिन्हही आहे. त्यात दुतोंडी गरुड येतो आणि शहराला मिळालेली मानपदके येतात: फ्रान्सचा १९२० चा लीजन ऑफ ऑनर, राजेशाहीतला १९३९ चा काराजॉर्जे तारा, साम्यवादी राजवटीने १९७४ मध्ये दिलेला राष्ट्रवीर सन्मान. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन राजवटींची पदके शेजारी शेजारी ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो. तरीही ध्वजासाठी साधी ढालच पुरेशी आहे, आणि ती तशीच राहिली हे उत्तम झाले.

बेलग्रेडच्या नगरसभेने उद्या या ध्वजात काही बदल करायचे ठरवलेच, तर बाकी काहीही बदलावे. ती वेस तेवढी बंद करू नये.