नवोदयची तयारी : एकेक पायरी



पाचवीत आहात ना? मग नवोदयच्या परीक्षेचा विचार असेलच. प्रश्न ८०, गुण १००, वेळ २ तास. निम्मे गुण एकट्या बुद्धिमत्तेच्या ४० आकृत्यांना. गणित अन् भाषेला २५-२५. म्हणून आकृत्यांचा सराव रोज हवा. एखादं अडलं तर तिथंच बसू नका, पुढं चला. चुकलं तरी गुण कापत नाहीत. एकही गोल रिकामा सोडू नका. आपल्या वालूरच्या बारवेत आपण उडी मारून उतरतो का? एकेक पायरीच ना!

पालकहो, ही परीक्षा एकदाच देता येते. लेकरू आधीच धास्तावलेलं असतं. एका शाळेत जागा फार तर ८०. नंबर नाही लागला, तरी केलेला अभ्यास त्याच्याजवळच राहतो. तेवढं त्याला आजच सांगा.