विमानाचे वय

यंत्राचे वय व्यापारी खरेदीच्या पावतीवरून सांगतो. विमानाच्या बाबतीत तो हिशेब अपुरा पडतो. तेथे उड्डाणाचे तास आणि ‘सायकल’ अशी दोन खाती स्वतंत्र ठेवली जातात. एक उड्डाण व एक अवतरण मिळून एक सायकल. उंचीवर केबिनमध्ये हवेचा दाब राखावा लागतो. त्यामुळे विमानाची काया प्रत्येक फेरीत फुग्यासारखी किंचित ताणली जाते व पुन्हा सैलावते. धातूला येणारा हा थकवा तासांच्या खात्यात दिसत नाही. ‘सी-चेक’ या सखोल तपासणीसाठी विमान अनेक दिवस हँगरमध्ये उभे राहते. भाड्याचे असेल तर भाडे चालूच! मोह होतो तो येथेच.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला. एक हवाईसेविका प्राणास मुकली. १९ वर्षे वयाच्या त्या विमानाचे तास होते ३५,४९६, सायकली मात्र ८९,६८०. बेटाबेटांमधील आखूड फेऱ्यांचा तो परिणाम. चौकशीत कंपनीच्या देखभालीतील त्रुटीवर ठपका आला. चढताना एका प्रवासी महिलेस दाराजवळ भेग दिसली होती. तिने ती कोणास सांगितली नाही.