मुदत संपलेली दुर्बीण

‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली बहुतरंगलांबी अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी कक्षेत गेली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. नियोजित पाच वर्षे २०२० मध्ये संपली. वेध मात्र पुढेही चालू राहिले. मुदत उलटलेल्या उपकरणावर किती काळ खर्च करावा, हा प्रश्न धोरणाचा आहे.

नव्याच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. मनुष्यबळ व निधी मर्यादित असतात आणि उपकरणे झिजतात. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी बंदही पडली आहे. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहावी. ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण ‘ॲस्ट्रोसॅट’ने २०१६ मध्ये टिपले, ‘आयुका’चे कनक साहा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. म्हणजे वेधांचे फळ हाती येण्यास जमिनीवरील माणसांची वर्षे लागतात.

‘हबल’ची अंतराळवीरांनी १९९३ ते २००९ या काळात पाच वेळा दुरुस्ती केली, कारण तशी सोय मूळ रचनेतच होती. खालावत चाललेल्या ‘स्विफ्ट’ला वर उचलण्याचे काम ‘नासा’ने २०२५ मध्ये एका खासगी कंपनीला दिले. त्याच वर्षी जानेवारीत ‘इस्रो’ने ‘स्पेडेक्स’द्वारे दोन उपग्रह कक्षेत जोडून दाखविले. पुढील वेधशाळेच्या आराखड्यात अशा जोडणीची तरतूद आरंभीच हवी.

मी राहतो त्या काशीच्या दुर्गाघाटापासून मानमंदिर घाट दूर नाही. सवाई जयसिंहाने उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी एक तेथे आहे. मथुरेची नामशेष झाली. काशीतील दगडी यंत्रे उरली, पण नित्य वेध घेणारी व्यवस्था उरली नाही. यंत्राचे आयुष्य त्याच्या द्रव्यापेक्षा त्यामागील संस्थेवर अवलंबून असते.

शासकीय सेवेत मी पाहिले, की नव्या वास्तूचे उद्घाटन होते, देखभालीचे होत नाही. म्हणून देखभालीचा निधी आधी कापला जातो. यास्तव मुदतवाढीचा निर्णय ठरावीक काळाने, बाहेरील तज्ज्ञांच्या जाहीर परीक्षणानंतर व्हावा. संचालन व विदासंग्रह यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. उत्तराधिकारी वेधशाळा मंजूर होण्याआधी जुनी बंद करणे म्हणजे प्रशिक्षित पिढी गमावणे होय; ती कोणत्याही प्रक्षेपकाने परत आणता येत नाही.