हिंदू म्हणून चालला, काळा म्हणून चालला नाही

९ मे १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील सेल्फ्रिज तळावरचे एक लढाऊ विमान सरावासाठी उडाले. ह्युरॉन सरोवरावर असताना त्याचे इंजिन बिघडले. वैमानिकाने हवाई छत्री घेऊन खाली उडी टाकली. पण ह्युरॉन म्हणजे आपल्याकडचा तलाव नव्हे. पलीकडचा काठ दिसू नये असा तो गोड्या पाण्याचा समुद्रच, आणि मे महिन्यातही पाणी अंग बधिर करणारे. वैमानिक बुडाला. काही आठवड्यांनी त्याचे प्रेत सापडले.

पंचविशीतल्या या तरुणाचे नाव होते विल्मेथ सिदात-सिंग. वाचकांना वाटेल, पंजाबातला कुणी सरदार असावा. तसे नाही. तो अमेरिकेतला काळा मुलगा, जन्माचे आडनाव वेब. वडील लवकर वारले. आईने पुढे डॉ. सॅम्युअल सिदात-सिंग या हिंदी वंशाच्या गृहस्थांशी लग्न केले. त्यांनी पोराला आपले नाव दिले आणि बिऱ्हाड न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत हलवले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचीच ही वस्ती.

पोरगा खेळात वाघ होता. बास्केटबॉलच्या जोरावर त्याला सिराक्यूज विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिथे तो अमेरिकन फुटबॉलमध्येही चमकला. रंग उजळ, नाव सिंग. वर्तमानपत्रांनी त्याला बिनदिक्कत 'हिंदू' करून टाकले. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातल्या कुठल्याही माणसाला हिंदूच म्हणत. आपल्या वाचकांना याचे हसूही येईल आणि चीडही. ज्या हिंदू समाजात आपल्या बापजाद्यांना ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्याच नावाची पाटी गळ्यात असली की अमेरिकेत एका काळ्या मुलाला मैदान खुले होत होते!

ऑक्टोबर १९३७ मध्ये बाल्टिमोर शहरात मेरीलँड विद्यापीठाशी सामना ठरला. सॅम लेसी या काळ्या पत्रकाराने 'वॉशिंग्टन ट्रिब्यून'मध्ये छापले की हा मुलगा हिंदू नसून आपल्यातलाच आहे. झाले! काळ्या खेळाडूसोबत खेळणार नाही, असे मेरीलँडने सांगितले. सिराक्यूजने मान तुकवली, त्याला बाहेर बसवले आणि सामना १३-० असा गमावला.

लेसींनी हे छापायला नको होते, असे कुणी म्हणेल. आपल्याकडेही खोली भाड्याने घेताना आडनाव गुळमुळीत सांगणारे, नोकरीच्या जागी बाबासाहेबांचा फोटो पाकिटात दडवणारे कमी नाहीत. त्यांना मी नावे ठेवणार नाही, पोटाचा प्रश्न असतो. तरी मला लेसींचे पटते. पोराचा पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत होता. दोष बातमीचा नव्हे. कालपर्यंत ज्याला खांद्यावर घेतले त्याला एका बातमीसरशी बाकावर बसवणाऱ्यांचा तो दोष. पुढच्या वर्षी मेरीलँडचा संघ सिराक्यूजला आला. तेव्हा विल्मेथ खेळला आणि सिराक्यूजने ५३-० असा धुव्वा उडवला.

मग युद्ध आले. विमान चालवण्याची अक्कल आणि धाडस काळ्यांत नाही, अशी अमेरिकन लष्कराची धारणा होती; १९२५ मध्ये लष्करी महाविद्यालयाने तसा अहवालच लिहिला होता. 'लढाऊ जमात' नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद करणाऱ्या इंग्रजांचीही भाषा हीच. आपली महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. त्याच वर्षी अलाबामा राज्यात टस्कीगी येथे काळ्या वैमानिकांचे वेगळे शिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत तेरा जण होते, मार्च १९४२ मध्ये पाचच पार पडले. विल्मेथ पुढच्या एका तुकडीतून वैमानिक झाला. सेल्फ्रिजला आला तर तिथे अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश असूनही काळ्यांना अधिकाऱ्यांच्या क्लबात मज्जाव!

युद्धातले मरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते. पण त्या युद्धात अमेरिकेच्या हवाई दलाची सुमारे १५ हजार माणसे शत्रूचे तोंडही न पाहता मायदेशातच अपघातांत गेली. नवखी पोरे, घाईचे शिक्षण, रात्रीची उड्डाणे, धुके, बिघडणारी इंजिने. इंजिन बंद पडताना आत बसलेल्याचा रंग बघत नाही. मात्र त्या विमानात बसण्याचा हक्क मिळवायला गोऱ्या मुलाला कुणी पूर्वजांचा दाखला मागितला नव्हता. विल्मेथच्या टस्कीगीच्या सोबत्यांनी पुढे इटलीतून उडून जर्मनांशी झुंज दिली. तो त्यांच्यात नव्हता.

त्याला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत मूठमाती मिळाली. सिराक्यूजने २००५ मध्ये त्याचा १९ क्रमांक कायमचा राखून ठेवला. मेरीलँड विद्यापीठाला माफी मागायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नोव्हेंबरात मेरीलँडच्याच मैदानावर, सिराक्यूजविरुद्धच्या सामन्यात, भर प्रेक्षकांसमोर त्याच्या नातलगांची माफी मागण्यात आली. तो जाऊन तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.